गाडीच्या टपावर जड सामान : आजीचा पेटारा देवगडहून पुण्याला कसा आणावा?

मुक्ता_पुणे
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात देवगडजवळच्या आमच्या गावी जाणार आहोत. घर आता बंद होतंय, त्यामुळे आजीचा सागवानी पेटारा मला पुण्याला आणायचा आहे. साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, दोन फूट उंच. पितळी पट्ट्या आहेत, जुनं लाकूड आहे, दोघांना उचलताना दम लागतो. वजन कधी केलेलं नाही.

गाडी सात आसनी आहे. आम्ही पाच जण : आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. परतताना हापूसच्या आठ पेट्या, शिवाय बॅगा आणि आईची वळकटी. म्हणून विचार असा केला की पेट्या आत ठेवायच्या आणि पेटारा टपावर, कॅरियरला बांधायचा. कॅरियर मागच्या वर्षीच बसवलाय. बसवणारा म्हणाला, "ताई, शंभर-सव्वाशे किलो आरामात टाका." गाडीच्या पुस्तिकेत मात्र टपावर जास्तीत जास्त ७५ किलो असं छापलंय. दोघांतलं खरं कोणाचं? आणि बांधायचं कसं? येताना फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर असा रस्ता आहे.

सह्याद्रीवेडा
पुस्तिकेचं. धागा इथेच संपवला तरी चालेल.

टेंपोवाला_कोल्हापूर
एवढं घाबरायचं काय कारण नाही ताई. आमच्या भागात वडापच्या, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या खाजगी, जीपा बघा. आत बारा माणसं, टपावर दूध कॅन, शेळीचा चारा, बाजाराची पोती, दोनशे किलो तर सहज. वर्षानुवर्षं चालतंय. चांगला दोर आणि बांधणारा हात पाहिजे. ७५ किलो हा कंपनीने स्वतःला वाचवायला लिहिलेला आकडा.

यंत्रविशारद
टेंपोवाला दादा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण ती जीप आणि ही गाडी एक नव्हे. जुन्या जीपला खाली स्वतंत्र शिडीसारखी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते आणि टपाच्या कडेला पावसाच्या पाण्याची पत्र्याची पन्हळ असते. कॅरियरचे पाय त्या पन्हळीला धरतात, भार खांबांवर उतरतो. ॲम्बॅसडर आणि पद्मिनीलाही पन्हळ होती. आजच्या बहुतेक गाड्यांना ती नसते. टपावर काळ्या-चंदेरी पट्ट्या दिसतात, त्यांतल्या कित्येक निव्वळ शोभेच्या असतात, चिकटवलेल्या किंवा दोन बारीक स्क्रूंवर बसवलेल्या. मुक्ताताई, आधी तुमच्या पट्ट्या भार घेणाऱ्या आहेत का ते पुस्तिकेतच बघा.

आता मुख्य मुद्दा. ७५ किलो म्हणजे सामान ७५ किलो नव्हे. कॅरियरचं वजन त्यातच धरायचं. लोखंडी जाळीचा कॅरियर वीस-पंचवीस किलोंचा सहज भरतो. म्हणजे सामानाला उरले पन्नास.

पत्रा वजनाने दबेल ही भीती नंतरची. खरी अडचण उंचीची आहे. ढोबळ हिशोब करून दाखवतो. माणसांसकट गाडी १६०० किलो, तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात तो बिंदू, रस्त्यापासून ६५ सेंमी. टपावर, म्हणजे रस्त्यापासून २ मीटरवर, १२० किलो चढवले. (१६०० × ०.६५ + १२० × २) भागिले १७२० केलं की ०.७४ मीटर येतात. गुरुत्वमध्य ९ सेंमी वर गेला. ९ सेंमी ऐकायला किरकोळ वाटतात. पण फोंडा घाटाच्या वळणावर समोरून बस आली आणि तुम्ही स्टिअरिंग झटक्यात डावीकडे, लगेच उजवीकडे फिरवलंत, तर त्या दोन झटक्यांत गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कलते. ड्रायव्हरच्या हाताला रोजच्या गाडीची सवय असते, आणि त्या क्षणी ती गाडी रोजची राहिलेली नसते.

सई_ठाणे
हिशोब पटला. मला कायम वाटायचं टप वाकेल म्हणून मर्यादा असते. मग टपावर तंबू लावून दोन-तीन माणसं झोपतात त्याचं काय? त्यांचंच वजन दोनशे किलो झालं ना?

यंत्रविशारद
सईताई, गाडी उभी असताना पत्रा आणि खांब पुष्कळ जास्त भार सोसतात. पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा असतो. चालत्या गाडीत खड्डा येतो, ब्रेक लागतो, वळण येतं. तंबू बंद करून प्रवास करताना तोही त्या ७५ च्या आतच हवा.

निवृत्त_काका
माझे वडील एसटीत कंडक्टर होते, कोकणातल्याच डेपोत. लाल गाडीच्या मागे लोखंडी शिडी असायची आणि टपावर कॅरियर. सुट्टीत वडिलांबरोबर मी गाडीवर जायचो. हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन एक हात मोकळा ठेवून ती शिडी चढायचा, ते मी आ वासून बघत बसायचो. टपावर काय नसायचं! फणस, सायकली, कोंबड्यांची डालगी, मुंबईला निघालेल्या चाकरमान्यांच्या वळकट्या, तांदळाची पोती.

वडील हमालाला सांगायचे, "जड मधे, हलकं कडेला, आणि दोराची फुली." एक दोर पुढच्या डाव्या कोपऱ्यातून मागच्या उजव्या कोपऱ्याला, दुसरा उलट. नुसते आडवे दोर टाकले तर सामान पुढे-मागे सरकतं, फुली घातली की चारही बाजूंनी जखडतं. बांधून झालं की ते दोर बोटाने छेडून बघायचे. तंबोऱ्यासारखी टंकार आली की घंटी द्यायचे. नुसता 'थप' असा आवाज आला तर हमाल पुन्हा वर.

मुक्ता, तुझा पेटारा बांधशील तेव्हा दोर छेडून बघ.

मुक्ता_पुणे
काका, अंगावर काटा आला वाचून. त्याच लाल गाडीने आजीही हा पेटारा घेऊन माहेरून आली असेल का, असं वाटून गेलं. (आईला विचारलं. नाही, बैलगाडीतून आला म्हणे.)

टेंपोवाला_कोल्हापूर
काकांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं. फुलीच पाहिजे. आणि गाठ सुरगाठ नको, निरगाठ. पण निरगाठ थेट घातली तर दोर ताणला जात नाही. आम्ही काय करतो, मधे दोराला एक फास करतो, टोक खालच्या हुकातून फिरवून परत त्या फासातून वर घेतो आणि मग ओढतो. कप्पीसारखं काम होतं, एकट्याच्या हाताने दुप्पट ताण बसतो. मग दोन अर्ध्या गाठी. ट्रकवाले सगळे हेच करतात.

घाटवाट
दोर कसला वापरायचा हे कोणी बोललं नाही अजून. नायलॉनचा पिवळा-निळा दोर सगळ्यांकडे असतो, पण तो ताण पडला की लांबतो आणि ओला झाला की आणखी. सकाळी करकचून बांधलेलं दुपारी सैल. पॉलिस्टरचा पट्टा आणि तो आवळायचं खटक्याचं रॅचेट घ्या, पट्ट्यावर किती किलोंसाठी आहे ते छापलेलं असतं. हुकवाल्या लवचिक रबरी दोऱ्या जड सामानाला अजिबात नकोत. ताडपत्री दाबायला ठीक. जड वस्तू झटका देते तेव्हा रबर ताणलं जातं, वस्तू हलायला लागते, आणि हुक सुटून कोणाच्या डोळ्यात गेला तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

रॅचेट मात्र बेताने आवळा. जुन्या सागवानाच्या कडा पट्ट्याने चेपतात आणि पितळी पट्टीची धार पट्टा कापते. कोपऱ्यांवर जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे किंवा जाड पुठ्ठा घाला.

आणखी एक. पट्टा सपाट ताणला की वाऱ्याने भुणभुणतो, तासन्‌तास डोकं उठतं. त्याला एक पीळ द्या, आवाज बंद.

सह्याद्रीवेडा
पट्टे दारांतून आत घेऊन बांधू नका, हेही लिहितो. बरेच जण तसं करतात. दार नीट बसत नाही, पाऊस आला तर पट्ट्यावरून पाणी आत ठिबकतं, आणि ज्या गाड्यांना टपाच्या कडेला पडदा एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असते तिथे पट्टा नेमका तिच्या वाटेत येतो.

अबोली
मी सहसा वाचनमात्र असते, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून कामावरून घरी येत होता. पुढे एक गाडी, टपावर प्लायवूडचे दोन मोठे तक्ते, आठ बाय चार फुटांचे. सुतळीने बांधलेले, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आत घेतलेली सुतळी. चालवणाऱ्याने एक हात बाहेर काढून तक्ता धरला होता. भावाला ते दिसलं, तो अंतर ठेवून मागेच राहिला. उड्डाणपुलावर वारा लागला आणि वरचा तक्ता पुढच्या बाजूने उचलला गेला. भाऊ सांगतो, "पुस्तकाचं पान उलटावं तसा तो उलटला." सुतळी तुटल्याचा आवाजही झाला नाही म्हणे. तक्ता हवेत एकदा फिरला आणि त्याच्या चाकापुढे आडवा पडला.

हेल्मेट होतं म्हणून भाऊ आज आहे. उजव्या पायात सळी आहे, जिना उतरताना अजून कठडा धरतो. चालवणारा माणूस वाईट नव्हता, थांबला, दवाखान्यात आला, रडला. घरी कपाट करायचं होतं, दुकान दोन किलोमीटरवर होतं, टेंपोचे चारशे रुपये वाचवायचे होते.

टपावर सामान बांधताना गाडीतल्या माणसांचाच विचार होतो. मागे कोण येतंय त्याचाही करा, एवढंच सांगायचं होतं.

मुक्ता_पुणे
अबोली, काय लिहू कळत नाही. भावाला सांगा, इथल्या लोकांनी ऐकलं.

यंत्रविशारद
अबोलीताई, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तक्ता का उडतो ते सगळ्यांसाठी सांगतो, कारण "जड आहे, कुठे उडतंय" असंच प्रत्येकाला वाटतं.

ताशी ८० च्या वेगाला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला सुमारे ३० किलोंचा दाब देते. ४० ला तोच दाब साडेसात किलो, कारण वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो. आठ बाय चारचा तक्ता जवळजवळ ३ चौरस मीटरचा. १८ मिलिमीटर जाडीचा तक्ता भरतो तीस-पस्तीस किलो. त्याची पुढची कड जराशी वर झाली की हवा खाली शिरते, आणि उचलणारं बळ तक्त्याच्या वजनाच्या पुढे जाऊ शकतं. खिडकीतून बाहेर काढलेल्या हाताने ते थोपवता येत नाही. म्हणून सपाट आणि रुंद वस्तूला मधल्या पट्ट्यांखेरीज पुढच्या टोकाला खाली, बॉनेटच्या बाजूला, स्वतंत्र ताण हवाच. गाद्यांचंही तेच, आणि गाद्या तर लोक हलक्या म्हणून आणखीच ढिल्या बांधतात.

पेटाऱ्याची गोष्ट वेगळी. तो उडणार नाही, तो सरकेल. जोराचा ब्रेक लागला की ६० किलोंचा पेटारा जवळपास ४८ किलोंच्या जोराने पुढे जायला बघतो. त्याला अडवायला पुढून मागे जाणारे पट्टे लागतात. नुसते आडवे पट्टे त्याला खाली दाबून ठेवतील, पण पुढे जाताना फारसे अडवणार नाहीत.

टेंपोवाला_कोल्हापूर
अबोलीताई, वाचून गप्प झालो. मी वर "घाबरायचं कारण नाही" लिहिलं ते मागे घेतो. वडाप तीस-चाळीसच्या वर जात नाही, यंत्रविशारद साहेबांनी वेगाचं गणित दिलं तेव्हा कळलं की आमचं आजवर का निभावलं. हायवेला मी तसं कधी नेलेलं नाही, हेही खरं.

परदेशी_पावणा
जर्मनीत राहतो, म्हणून इथला नियम सांगतो. पूर्ण ब्रेक दाबला किंवा अचानक गाडी वळवली तरी सामान सरकता, कलंडता, पडता कामा नये, असं इथल्या वाहतूक नियमावलीत स्पष्ट लिहिलंय. म्हणजे साध्या चालवण्यापुरतं बांधून भागत नाही, अडचणीच्या क्षणाचा विचार करून बांधायचं. टपावर बसवायच्या सामानाच्या बंद पेट्या विकणारे ताशी १३० च्या पुढे जाऊ नका म्हणून सांगतात. मी स्वतः १०० च्या पुढे जात नाही, पेट्रोलही डोळ्यांदेखत कमी खर्च होतं.

सई_ठाणे
आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

वकील_नाही_पण
मोटार वाहन कायदा १९८८, त्यात २०१९ ला झालेली दुरुस्ती. कलम १९४ (१अ) : सामान गाडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या मर्यादेबाहेर आलं तर २०,००० रुपये दंड, शिवाय सामान उतरवून घेण्याचा खर्च आपला. टेंपोचे चारशे रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

हापूसप्रेमी
सगळे पेटाऱ्यावर बोलताय, आंब्यांचं कोणी बघतंय का! गेल्या वर्षी जागा नाही म्हणून दोन पेट्या टपावर टाकल्या, वर ताडपत्री घट्ट गुंडाळून. मे महिन्यातलं ऊन, खाली तापलेला पत्रा, वर ताडपत्री. घरी येऊन पेटी उघडली तर गवत गरम आणि आंब्यांचा आंबूस वास. तीन-चार आंबे सोडले तर सगळे आतून उकडल्यासारखे. मुक्ताताईंनी पेट्या आत ठेवायचं ठरवलंय ते योग्यच आहे.

कालची_टॅक्सी
हापूसप्रेमी यांचं वाचून मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवली. टपावरचा कॅरियर तिचा मुकुट होता. गणपतीला गावी निघालेली माणसं दादरला त्यावर किती गाठोडी चढवायची! २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. विषयांतराबद्दल माफी.

घाटवाट
माफी कशाला. पण टॅक्सीवरून आठवलं : उंची! कॅरियर आणि सामान धरून गाडी किती उंच होते ते मोजून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती समोर डॅशबोर्डला चिकटवा. माझ्या मेहुण्याने टपावरच्या दोन सायकली विसरून गाडी मॉलच्या तळघरात घातली. लोखंडी आडव्या दांड्याने सायकलींसकट कॅरियर उपटून मागे फेकला, टपाला चार भोकं.

निवृत्त_काका
मुक्ता, मला एक विचारायचंय. पेटारा टपावरच का? जड मधे, तसंच जड खाली. तुझ्याकडे सर्वांत जड वस्तू पेटारा आहे आणि तीच तू सर्वांत वर चढवते आहेस. वळकटी, कपड्यांच्या बॅगा हे हलकं सामान वर गेलं तर?

यंत्रविशारद
काकांनी नेमकं बोट ठेवलं. आपण सगळे "कसं बांधायचं" यातच अडकलो होतो. तिसरी रांग दुमडली तर साडेतीन फुटांचा पेटारा लांबीच्या दिशेने आत जायला हवा. मात्र तोही मोकळा ठेवू नका. दुसऱ्या रांगेत मुलं बसणार आणि ब्रेक लागल्यावर तो त्यांच्याच पाठीवर येणार. मागच्या सीटला अगदी टेकवून ठेवा आणि तळाच्या कड्यांना पट्ट्याने जखडा. पुढच्या दारातल्या स्टिकरवर पूर्ण भाराचा टायरचा दाब दिलेला असतो, निघताना तेवढी हवा भरा.

सह्याद्रीवेडा
आणि गाडीचा एकूण भारही बघा. टपावरचं, आतलं, माणसं, सगळं मिळून एकाच मर्यादेत बसावं लागतं. टपाचे ७५ त्याच्या वेगळे नसतात.

मुक्ता_पुणे
मंडळी, परत आलो! जरा सविस्तर लिहिते, कारण ही युक्ती तुम्हीच दिलीत.

गावात काजूच्या वखारीत मोठा काटा आहे, तिथे पेटारा नेऊन वजन केलं. ५८ किलो. कॅरियर पुण्याहून निघण्याआधीच सोडवून तोलला होता, २१ किलो. बेरीज ७९. म्हणजे रिकामा पेटारा टपावर टाकला असता तरी मर्यादा ओलांडली असती, आणि तो कॅरियरवाला सव्वाशे म्हणत होता.

तिसरी रांग दुमडली आणि पेटारा आत लांबीच्या दिशेने बसला. झाकणाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढून झाकण वेगळं केलं, चादरीत गुंडाळून बाजूला उभं केलं. मग नवऱ्याला सुचलं की रिकामा पेटारा म्हणजे केवढी जागा! त्यात आंब्याच्या तीन पेट्या बसल्या, वरून उघड्या, हवा खेळती. दोन पेट्या पायांशी. उरलेल्या तीन गावच्या टेंपोने आल्या, पेटीमागे थोडे पैसे गेले, पण आंबे ठणठणीत. हापूसप्रेमी, वासाने गाडीत झोप लागत नव्हती.

टपावर आईची वळकटी आणि चार बॅगा, सगळं मिळून ३८ किलो. पॉलिस्टरचे पट्टे, त्यांना पीळ, आणि फुली. टेंपोवाला दादांची फासाची गाठ नवऱ्याने अंगणात आंब्याच्या झाडाला बांधून चार वेळा गिरवली.

टेंपोवाला_कोल्हापूर
झाडाला बांधून शिकला म्हणजे पक्का शिकला. पाव्हण्याला नमस्कार सांगा.

अबोली
मुक्ताताई, भावाला दाखवला हा धागा. त्याने सगळा वाचला. विचारतोय, पेटारा आता कुठे ठेवलाय?

मुक्ता_पुणे
अबोली, हॉलमध्ये खिडकीखाली. झाकण परत बसवलंय, पण आतून अजून हापूसचा वास येतो. भाऊ पुण्यात असतील तर आंबे संपायच्या आत या दोघं.

निवृत्त_काका
सगळं सांगितलंस, पण टंकार आली का ते सांगितलं नाहीस.

मुक्ता_पुणे
काका, देवगडला आली होती. घाट चढून दाजीपूरला चहाला थांबलो तेव्हा धाकट्याने सगळे पट्टे छेडून बघितले. मागचा डावा 'थप' वाजला. दोन खटके आवळले, मग राधानगरीकडे निघालो.